तू चहाचं बघ

गुरुवारी ती आईकडे जेवायला जायची. त्या गुरुवारीही गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. समोर एक काळपट लाकडी पेटी, आणि डॉक्टर छातीला नळी लावतात तसा आईचा कान त्या पेटीला लावलेला. "आले गं" म्हटलं तरी आईने मान वर केली नाही. नुसता एक हात वर केला. थांब.

पेटी चहाची होती. एके काळी चहा म्हणे इतका दुर्मिळ होता की तो कुलपात ठेवायचे, आणि किल्ली घरच्या मालकिणीच्या कमरेला. तशा एकतीस पेट्या ह्या घरात होत्या. शिसवी होत्या, पत्र्याच्या होत्या, एक कासवाच्या पाठीची, एक तर नासपतीच्या फळासारखी गोल, देठासकट. शिवाय जुन्या अडकित्त्यांपासून पितळी दिव्यांपर्यंत बरंच काही कपाटांतून मांडलेलं होतं. पण आईचा जीव पेट्यांत. खरं म्हणजे पेट्यांतही नाही, त्यांच्या कुलपांत.

"चहाला कुलूप," ती म्हणायची, "घरातल्या माणसांवर भरवसा किती, ते बघ."

भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात, कुणाच्या माळ्यावर अशी एखादी पेटी निघाली की तिची किल्ली हमखास हरवलेली असे आणि विकणारा पटाशी लावून झाकण उचकटायच्या बेतात असे. आई म्हणे, थांबा. मग पेटी घरी येई. आईच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसेच. तिच्यात टोकाला वाकवलेल्या चार तारा असायच्या आणि पेन्सिलीचा एक तुकडा. कुलपात तेल घालायचं नाही, धूळ धरतं आणि लाकडाला डाग पडतात. पेन्सिलीचं शिसं किसून त्याची पूड फुंकायची. मग तार आत, कान पेटीला, आणि डोळे मिटलेले. "बोटांना ऐकू येतं," असं ती लेकीला शिकवायची. लेकीनेही लहानपणापासून सात-आठ कुलपं उघडली होती. त्यातली दोन अगदी एकटीने.

आईला हे कुठून येत होतं, ते घरात कुणी बोलत नसे. आईचे वडील दोन दुकानांमधल्या बोळाच्या तोंडाशी, उलट्या खोक्यावर बसून ह्याच तारांनी कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या घासून द्यायचे. बाबा तेव्हा नवे वकील होते. टपालाच्या पेटीची किल्ली करून घ्यायला गेले आणि किल्ली करणाऱ्याच्या मुलीच्या प्रेमात पडले. घरच्यांशी भांडून लग्न केलं, हे त्यांचं मोठेपण. आणि पुढे न्यायाधीश झाल्यावर ते बोळाचं तोंड त्यांनी कायमचं बंद करून टाकलं, हे त्यांचं दुसरं रूप. शाळेत 'माझे आजोबा' असा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा बाबांनी शेजारी बसून वाक्य सांगितलं होतं: माझ्या आजोबांचा धातूच्या वस्तूंचा व्यापार होता. तिने ते सुंदर अक्षरात लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले.

म्हणूनच पेट्या साहेबांच्या झाल्या. आल्यागेल्याने कपाटाकडे पाहून "वा साहेब, काय नजर आहे" म्हणावं, बाबांनी हसावं, आईने आत जावं. पेट्या आईच्या म्हणायचं, तर तिने त्या उघडल्या कशा हे सांगावं लागलं असतं. ते सांगायचं तर बोळ आला, खोकं आलं. एका गप्प बसण्यावर दुसरं रचलं गेलं, आणि चाळीस वर्षांत त्याची चांगली भक्कम भिंत झाली.

त्या गुरुवारी दुपारी ग्रंथालयाचे कार्यवाह आले. ग्रंथालयाला पंच्याहत्तर वर्षं होत होती, त्यानिमित्त साहेबांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या मनात होतं. बाबा खुलले. एकेक पेटी काढून दाखवू लागले. दोन कप्प्यांच्या पेटीतलं मधलं काचेचं भांडं उचलून म्हणाले, हे साखरेसाठी.

आई दारात उभी होती. हळूच म्हणाली, "त्यात दोन चहा एकत्र करत असतील. साखरेचे ओरखडे उठतात काचेवर. ह्यात एक नाही."

बाबा रागावले नाहीत. ते कधी रागावत नसत. हसून म्हणाले, "अगं, तू चहाचं बघ."

कार्यवाह हसले. आणि खुर्चीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली लेक, ती बेचाळीस वर्षांची, पुस्तकांच्या गठ्ठ्यांत वाढलेली, इतरांच्या लिखाणातल्या चुका काढून पोट भरणारी लेक, तीही हसली. मुद्दाम नाही. चारचौघांत कुणी हसलं की आपण हसतो, तशी.

आत आईने आधण ठेवलं. "चहाचंच तर बघतेय चाळीस वर्षं," ती पातेल्याला म्हणाली. ह्यावरही लेक हसली. एका दिवसात दोन्ही बाजूंना हसून मोकळी झाली.

पाहुणे गेल्यावर आई पुन्हा काळ्या पेटीशी बसली. "दोन खटके सरकले. तिसरा हटून बसलाय, तुझ्या बाबांसारखा." मग तार पुसून डबीत ठेवली. "बोटं दमली आता. पुढच्या गुरुवारी तू उघड, पंडितबाई. बघू वाचून वाचून बोटं बहिरी झालीत का."

निघताना आई दारापर्यंत आली. "जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतर," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला. "आई उठत नाहीये," ते म्हणाले. साठ पानी निकाल एका दमात वाचून दाखवणाऱ्या माणसाला त्यापुढचं वाक्य सापडत नव्हतं.

भेटायला येणारी माणसं कपाटांसमोरच बसत. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. कुणी म्हणे, साहेब, आता ह्या तुमच्या संग्रहाची निगा कोण राखणार? कुणी म्हणे, बाईंनी किती निगुतीने पुसून ठेवल्यात हो तुमच्या वस्तू. जणू आई पुसायला ठेवलेली बाई. लेक पाण्याचे पेले नेत-आणत राहिली. प्रत्येक वेळी 'पेट्या आईच्या होत्या' हे वाक्य ओठांवर यायचं, आणि बाबांच्या खाली गेलेल्या खांद्यांकडे पाहून ती ते परत गिळायची. दु:खातल्या माणसाला काय बोलायचं? पण दु:ख तिलाही होतं. तिला कुणी विचारत नव्हतं की आता तुमचं कोण.

पाचव्या आठवड्यात बाबांनी तिच्या हातात प्रदर्शनाच्या पत्रकाची छपाईआधीची प्रत ठेवली. "शुद्धलेखन तेवढं बघून दे. तुझं कामच आहे ते."

तिने घरी जाऊन लाल पेन घेतलं. 'साहेबांच्या चोखंदळ नजरेने चार दशकांत साकारलेला हा संग्रह...' चोखंदळचा द मोडला होता, नीट केला. 'त्यांच्या सुविद्य पत्नी कै.' ह्याच्यापुढे आईचं नाव, आणि मग, 'ह्यांची त्यांना ह्या कामी मोलाची साथ लाभली.' सुविद्यच्या सुला उकार पहिलाच आहे ना, पाहिलं. पूर्णविराम जागेवर होता.

मोलाची साथ. तिने पेन खाली ठेवलं. आई सातवीत शाळेतून निघाली होती. सुविद्य म्हटलेलं ऐकून हसता हसता ठसका लागला असता तिला. पण साथ? चाळीस वर्षं उन्हातान्हात भंगाराच्या ढिगांतून वाकून हिंडणारी ती, आणि साथ कुणाची, तर ज्यांनी एक पेटी कधी स्वतः उचलून घरी आणली नाही त्यांची. गाणं जिने म्हटलं तिलाच मागे बसवून टाळ्या वाजवायला सांगावं, तसलं हे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा चुका सुधारल्या होत्या तिने त्या पानावर. बारावी चूक पानभर पसरलेली होती, आणि तिला लाल रेघ मारायला तिचा हात उचलला नाही. खाली 'तपासले' असं लिहून तिने सही केली. तो राग बाबांवरचा नव्हता, किंवा नुसता बाबांवरचा नव्हता.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ती गेली, तेव्हा जिन्यातच व्हार्निशचा वास आला. दारात पॉलिशवाला कुंचले फडक्यात गुंडाळत होता. आत एकतीसच्या एकतीस पेट्या वर्तमानपत्रांवर मांडलेल्या, आणि सगळ्या चकाकत होत्या, दुकानातल्या नव्या बुटांसारख्या. शंभर-दीडशे वर्षांच्या हातांनी लाकडावर जो मऊ, खोल रंग चढला होता, ज्याच्यावर आई ओलं फडकंसुद्धा लावू देत नसे, तो त्या चकाकीखाली गडप झाला होता.

पॉलिशवाला तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी म्हटलं होतं साहेबांना, ताई. कोरड्या कापडाने पुसू, म्हटलं, जुनं काम आहे. साहेब म्हणाले, मळकट दिसतात."

पॉलिशवाल्याला कळत होतं. चोखंदळ नजरेला कळलं नव्हतं.

"लोक येणार," बाबा आतून म्हणाले. "तिच्या आठवणीसाठीच करतोय ना मी हे सगळं?" आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. हेच तर असह्य होतं. ते ढोंग करत नव्हते. चाळीस वर्षं ऐकून ऐकून त्यांना ते स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं.

 जाताना आईच्या खणातून चष्म्याची डबी तेवढी उचलून पिशवीत टाकली.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात लांब टेबलांवर पांढरी कापडं घातली होती. भाषणं झाली. कार्यवाहांनी 'रसिकाग्रणी' हा शब्द तीनदा वापरला. बाबा नवा कोट घालून पेट्यांच्या मागे उभे होते, थकलेले आणि प्रसन्न. लोक पत्रक हातात घेऊन रांगेने पुढे सरकत होते, आणि पत्रकात एकही चूक नव्हती.

काळी पेटी टोकाला होती. चष्मा कपाळावर सरकवलेली एक वयस्कर बाई तिच्यापाशी थांबली. बाकी सगळ्यांची झाकणं उघडी, हीच का बंद, असं तिने विचारलं.

"हिची किल्ली नाही," बाबा म्हणाले. "ही कधीच उघडलेली नाही. बंदच शोभते, म्हणून तशीच ठेवली मी."

तशीच ठेवली मी. दोन खटके सरकलेले होते. तिसऱ्यासाठी गुरुवार ठरलेला होता.

लेक टेबलापाशी आली. पिशवीतून डबी काढली, डबीतून सर्वांत बारीक तार. पेटी जवळ ओढली आणि तारेचं टोक किल्लीच्या भोकाशी नेलं. तार आत गेली नाही. तिने वाकून पाहिलं. भोकात व्हार्निश ओघळून बसलं होतं, वाळून टणक झालं होतं, मधाच्या थेंबासारखं पिवळं. तारेने खरवडून पाहिलं, तर वरवरचा नुसता टवका उडाला. आत किती खोलवर गेलं होतं कुणास ठाऊक. आईने कान लावून ऐकलेलं सगळं त्याखाली गेलं होतं.

मागे कुजबुज झाली. बाबा तिच्या कानाशी वाकले. रागावले नाहीत. हलक्या आवाजात, हसतमुखाने म्हणाले, "अगं, काय करतेस? लोक बघतायत. तू जरा चहाचं बघ."

कार्यवाह जवळच होते. ते हसले.

ह्या वेळी ती हसली नाही. तार तिने टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर ठेवली, तिच्याशेजारी बाकीच्या तीन, आणि पेन्सिलीचा तुकडा. रांगेतली माणसं ते बघायला पुढे झुकली. प्रदर्शनातली आणखी एक वस्तू असावी असं त्यांना वाटलं असेल.

"चहाचंच बघतेय, बाबा," ती म्हणाली. मग त्या चष्मेवाल्या बाईकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, पण त्या खोलीत सगळ्यांनाच शांत बसायची सवय असल्याने तो शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "ही उघडत आली होती. माझी आई उघडत होती. ह्या सगळ्या पेट्या तिच्या आहेत. तिने शोधल्या, तिने उघडल्या, आणि ही मी उघडायची होती. तुमच्या हातातल्या कागदात चूक आहे. तो मीच तपासला आणि मीच सही केली."

"अगं," बाबा म्हणाले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. ते त्या तारांकडे बघत होते. बोळाच्या तोंडाशी, खोक्यावर, कधी काळी त्यांनी त्या पाहिल्या असणार. ओळखल्यासारखे त्यांचे डोळे तिथेच थांबले, आणि पुढचा शब्द आला नाही.

तो तिनेच बोलायचा होता. बेचाळीस वर्षं तो तिच्याही तोंडून निघाला नव्हता, निबंधातसुद्धा नाही.

"माझ्या आईचे वडील रस्त्यावर बसून कुलपं दुरुस्त करायचे," ती म्हणाली. "ह्या तारा त्यांच्या. मी त्यांची नात."