जाड तार

दुपारी खांबावर फाडकन आवाज झाला आणि गल्लीतले पंखे थांबले. वीजबाई सायकल टाकून पोचली तेव्हा वर फ्यूजची एक नळी उघडून लटकत होती. वीज कंपनीत ती वायरमन होती, म्हणून गल्लीने तिचं नाव वीजबाई पाडलं होतं. समोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, धाकट्या भावाकडे तिचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर होते.

खांब पाहिला, ट्रान्सफॉर्मर पाहिला. कुठे काही दिसेना. कधी पक्षी चिकटतो, कधी फांदी पडते, एवढ्यानेही फ्यूज उडतो. तिने लांब काठीने नळी उतरवली, आतली वितळलेली बारीक तार बदलली आणि नळी परत बसवली. बसवताक्षणी पुन्हा फाडकन झालं.

भाऊ जिना उतरून धापा टाकत आला. शिवणकामाची टेप अजून गळ्यातच होती.

"ताई, मशीनची बॅटरी संपत आलीय. बाबांचे ओठ निळे पडलेत."

"अँब्युलन्स?"

"निघालीय म्हणतात. कधीची निघालीय." त्याची नजर तिच्या पिशवीतल्या तांब्याच्या भेंडोळ्यावर गेली. "ही जाड तार टाक ना नळीत. ही तर वितळणार नाही."

"ही नाही वितळणार. मग दुसरं काहीतरी वितळेल."

"वितळू दे."

"अरे, बिघाड झाला की नेहमीच्या शेकडो पट करंट धावतो. बारीक तार आधी जळते म्हणून तो तिथंच तुटतो. जाड तार टाकली तर तुटणारच नाही. जिथं बिघाड आहे तिथं आग ओकत राहील. आणि तो कुठं आहे तेच मला माहीत नाही."

"बाबा कुठं आहेत ते तरी माहीत आहे ना?"

भेंडोळं कधी हातात आलं ते तिला कळलंही नाही. बाबा वर एकेका श्वासासाठी तडफडत असतील. थोडा वेळ, फक्त थोडा वेळ. मग तिने भेंडोळं पिशवीत कोंबलं.

"वर जा. त्यांना खुर्चीत बसवून खाली आण. शेजाऱ्यांना हाक मार."

भाऊ तिच्याकडे असा बघत राहिला की जणू ती कुणी परकीच होती. मग पळाला.

खांबापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत केबल जमिनीखालून जायची. ती त्या वाटेने निघाली. इमारतीच्या फाटकालगत, लाँड्रीच्या मागे, पत्र्यांच्या आडोशाला, पाण्याच्या पाइपसाठी कुणीतरी खड्डा खणायला घेतला होता. पत्रा सरकवला तर जळक्या रबराचा वास आला. खड्ड्यात खोदकाम करणारा आडवा पडला होता. शेजारी पहार, एक बाही जळून गेलेली. छाती हलत होती.

पहिल्या आवाजाला त्याची पहार केबलमध्ये घुसली असणार. दुसरा आवाज तिने स्वतः केला होता, तो इथं पडलेला असताना. पण तिने खाली उडी मारली नाही. खांबावरच्या तीन नळ्यांपैकी एकच पडली होती, दोन वर तशाच होत्या, म्हणजे केबलमध्ये अजून वीज होती. धावत जाऊन तिने त्या काठीने पाडल्या, उरलीसुरली वीज जमिनीत जावी म्हणून केबलला अर्थिंग लावलं, आणि मगच खड्ड्यात उतरून त्याला कवटाळलं.

"ऐकू येतंय का? डोळे उघड, बाबा."

त्याने पाणी मागितलं.

भाऊ आणि शेजारी वडिलांना खुर्चीसकट घेऊन फाटकात आले, तेवढ्यात अँब्युलन्स वळली. ड्रायव्हर म्हणाला, एकच पेशंट सांगितला होता. भावाने खड्ड्याकडे पाहिलं, त्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. स्वतः खाली उतरून त्याने त्या माणसाला खांद्यावर घेतलं.

"स्ट्रेचरवर हा. बाबा माझ्या मांडीवर बसतील. ऑक्सिजनची नळी तेवढी नाकाला लावा."

दार लागलं. वीजबाईला जाता येईना. उघडी केबल सोडून कुठे जाणार? कंपनीची दुरुस्तीची माणसं येईपर्यंत ती पत्र्याला टेकून फोन धरून बसली. फोन वाजला तेव्हा आधी नुसता रडण्याचा आवाज आला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"बाबा बोलले, ताई," भाऊ म्हणाला. "त्या माणसाचा हात वाचेल का, सांगता येत नाही. त्याच्या घरचं कुणी आलेलं नाही अजून. मी थांबतो इथं."