माझो फोन पुरो होवंदे

शटरवर तिसरा दगड बसला तेव्हा गणपतने टेबल ओढून दाराला लावलं आणि फोन पुन्हा कानाशी धरला.

"लाईन सोडू नका," पलीकडची मुलगी म्हणाली. "पैसे कुठल्या खात्यांत गेले, ते नंबर एकेक करून सांगा. चोरांनी काढायच्या आत अडवायचेत."

अकरा नंबर होते, सगळे समोरच्या पडद्यावर. गणपत वाचू लागला.

मालवणच्या मच्छीमारांच्या पतसंस्थेत तो सव्वीस वर्षं कारकून. तिथला नियम साधा होता. पैसे पाठवायचे तर एकाने भरायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे. दोघांचे पासवर्ड वेगळे. पण आज मॅनेजर दाजींच्या गावची जत्रा, आणि जत्रेला न जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. दाजी दर वर्षीसारखे आपला पासवर्ड आणि ओटीपीचा फोन गणपतच्या हवाली करून गेले. साडेदहाला 'बँकेतून' फोन आला. समोरचा सांगेल तिथे गणपतने बटण दाबलं, दोन्ही पासवर्ड घातले, ओटीपी वाचून दाखवला आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. पाच मिनिटांत एक्केचाळीस लाख साफ.

ओरोसच्या प्रशिक्षणात शिकवलेलं तेव्हा कुठे त्याला आठवलं. इंटरनेटची वायर उपटायची, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा, कॉम्प्युटरला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. वायर उपटताना त्याच्या तोंडून "पैसे गेले" एवढंच निघालं. काउंटरशी उभ्या काशीबाईने ते ऐकलं, टोपली उचलली आणि थेट मासळी बाजार गाठला. गणपतने मग शटर ओढून घेतलं.

आता बाहेर अख्खा बाजार होता.

"भावजी, भायर येवा!" हा लवूचा आवाज. गणपतच्या बायकोचा धाकटा भाऊ. "आमचे पैसे खाल्लात आणि आत लपान बसलात?"

"सहावा नंबर सांगा," फोनमधली मुलगी म्हणाली.

शटरखाली पहार घुसली, पत्रा किंचाळत वर गेला, टेबल उलटं झालं. लवू पुढे होता, हातात वल्हं. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. गणपतच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं.

"मार माका, लवू! पण माझो फोन पुरो होवंदे!"

"फोन? चोरांकडेच बोलतस मा?" लग्नापासून 'तुमी' म्हणणारा लवू आज पहिल्यांदा एकेरीवर आला. त्या माराहून ते गणपतला जास्त लागलं. "माझ्या इंजिनाचे पैसे होते रे ते!"

कुणीतरी बरगडीत लाथ घातली. पडद्यावर रक्त उडालं होतं. गणपतने ते बाहीने पुसलं आणि आठवा नंबर ओरडून सांगितला. मग नववा. पाठीवर काठ्या पडत होत्या आणि तो छातीने कॉम्प्युटर झाकून एकेक आकडा वाचत होता. त्याला मरणाची भीती वाटत होती. पण चूक आपली आहे, ती आपल्यालाच निस्तरायला हवी, हेही त्याला तितकंच कळत होतं.

दहावा नंबर झाला.

"ह्या डबड्यातच काय ता आसा, फोडा!" मागून कुणी ओरडलं. लवूने वल्हं उगारलं. गणपतने उजवा हात पडद्यावर आडवा धरला. बोटं मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, काच फुटल्याचा नंतर.

"अकरावा?" मुलगी जमिनीवर पडलेल्या फोनमधून विचारत होती. "साहेब, अकरावा?"

दुसऱ्या दिवशी हवालदार सरकारी दवाखान्यात जबाब घ्यायला आला. दहा खात्यांतले पैसे गोठवल्याचं त्याने सांगितलं. अकराव्याचा नंबर बँकेकडून मिळेपर्यंत त्यातले पाच लाख चोरांनी काढून नेले होते. खाटेच्या पायथ्याशी लवू उभा होता. त्याने ते ऐकलं.

"मारलं कोणी?" हवालदाराने विचारलं.

"आधी माझी चूक लिहून घ्या, साहेब," गणपत म्हणाला. "दोन्ही पासवर्ड मी जवळ ठेवायला नको होते."

"माझा नाव घाला," लवू म्हणाला. "मिया मारलंय."

हवालदाराने दोन्ही लिहिलं. गणपतचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून शाईची डबी पुढे आली. सव्वीस वर्षांत त्याने ती किती जणांपुढे सरकवली असेल. स्वतःचा अंगठा आज पहिल्यांदा उठवला. शाई पुसायला दुसरा हात नव्हता. दवाखान्याच्या चादरीला डाग लागू नये म्हणून गणपत अंगठा वर धरून तसाच पडून राहिला.