थोरलीची टक्कर, धाकटीचा धुरळा

एकाच घरात दोन जावा आणि दोघींचा उद्योगही एकच, म्हटलं की लोकांना वाटायचं, खानावळ असेल. तसं नव्हतं. दोघी मेलेले तारे एकमेकांवर आपटायच्या. म्हणजे संगणकात.

टक्कर थोरलीकडे. सूर्याहून जास्त वजन एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेलं, असे दोन न्यूट्रॉन तारे ती एकमेकांभोवती गरगर फिरवायची आणि धाडकन आदळवायची. खरी टक्कर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. तिचा हिशेब करायला मात्र दोघींच्या संशोधन संस्थेतला मोठा संगणक महिनोन्‌महिने घरघरत बसायचा. टक्कर झाली की थोरली हात झटकून मोकळी. पुढचं सगळं धाकटीकडे: उडालेल्या धुरळ्यात सोनं किती शिजलं, प्लॅटिनम किती, आणि तो धुरळा पुढचे काही दिवस कुठल्या रंगात चमकणार.

स्वयंपाकघरातही वाटणी हीच. थोरली भाजी करायची ती तेल छतापर्यंत उडवून. सगळे वा वा करायचे. ओटा पुसायला धाकटी.

या खेपेला घोडं अडलं ते रंगावर. अशी एक खरी टक्कर दुर्बिणींनी पाहिलेली होती. तिचा धुरळा आधी निळसर उजळला आणि मग हळूहळू लाल झाला. धाकटीचा धुरळा पहिल्या क्षणापासून लालभडक. जड मूलद्रव्यांची गर्दी इतकी, की निळा प्रकाश बाहेर यायला फटच नाही. चूक आपलीच असणार असं समजून तिने अणूंच्या याद्या पुन्हा पुन्हा तपासल्या, आणि तिच्या नवऱ्याला त्या ऐकून ऐकून पाठ झाल्या. बिचारा पोहायला शिकवायचा.

मग एक दिवस वैतागून तिने धुरळ्यातल्या थोड्या न्यूट्रॉनांचे हाताने प्रोटॉन करून टाकले. न्यूट्रॉन घटले तशी जड मूलद्रव्यं कमी शिजली, आणि धुरळा निळा झाला! धाकटीने याद्या मिटल्या आणि थोरलीचा हिशेब उघडला.

कारण तारे आदळतात तेव्हा हा बदल करतात न्यूट्रिनो नावाचे कण, आणि ते थोरलीने हिशेबातून वगळले होते. "ते कशालाच अडत नाहीत, आरपार जातात," असं तिचं म्हणणं. "पुढच्या दाराने येऊन मागच्या दाराने जाणाऱ्या पाहुण्यांसाठी कप कशाला मांडायचे?" एरवी हे खरंही होतं. पण तसल्या चेंगराचेंगरीत त्यांचाही कुणाला ना कुणाला धक्का लागतोच.

शुक्रवारी थोरलीचं व्याख्यान होतं. 'एका टकरीत किती सोनं?' अशी पाटी सभागृहाच्या दारावर लागलीसुद्धा होती. कुणी जाणकाराने उठून न्यूट्रिनोंचं विचारलं असतं तर भर सभेत थोरलीची शोभा. आणि या कामावरच्या शोधनिबंधावर नाव दोघींचं. धाकटीची तात्पुरती नोकरी पक्की व्हायची की जायची, ते त्या निबंधावर ठरणार. तेव्हा शुक्रवारच्या आत सांगायला हवं होतं. पण थोरलीला "तुमचं चुकलं" असं म्हटलेलं त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

धाकटीने आधी थोरल्या दिरांना गाठलं. ते दातांचे डॉक्टर.

"भावोजी, तुम्ही सांगा ना वहिनींना."

"मी? अगं, मी लोकांच्या तोंडात हात घालतो, पण आधी इंजेक्शन देऊन. हिला काय देऊ?"

मग ती सासूबाईंकडे गेली. त्या कांदा चिरत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे सोनं कमी निघणार?"

"बरंच कमी, आई."

"मग नको सांगूस." त्यांनी आणखी अर्धा कांदा चिरला. "आणि नाही सांगितलं तर? बाहेरचे लोक बोलतील तिला?"

"भर सभेत."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "माझ्या सुनेला बाहेरच्यांनी बोललेलं मला खपणार नाही, धाकटे. घरातलं चालेल. जा."

थोरली व्याख्यानाच्या कोटाला इस्त्री करत होती.

"वहिनी, धुरळा निळा होत नाहीये."

"याद्या बघ तुझ्या."

"बघितल्या."

"परत बघ."

"परत बघितल्या. वहिनी, तुमचे न्यूट्रिनो..."

इस्त्री जागच्या जागी थांबली. "माझे न्यूट्रिनो काय?"

"नाहीयेत."

"नाहीतच! पहिल्यापासून नाहीत. आज बरी आठवण झाली! त्यांना धरत बसले असते तर तुझी मुलं म्हातारी झाली असती."

"मला मुलं नाहीत."

"तेच म्हणतेय मी!"

मग धाकटी बोलली, आणि या घरात पहिल्यांदाच तिचं बोलणं शेवटपर्यंत गेलं. "तुम्ही आदळून मोकळ्या होता. मागचं सगळं मी निस्तरते, ओट्यावरचं पण आणि आकाशातलं पण. कधी तक्रार केली? पण हे मला निस्तरता येत नाही. हे तुमच्याकडेच चुकलंय, आणि तुमच्याकडेच दुरुस्त व्हायला हवं."

खोलीत जळका वास सुटला. थोरलीने इस्त्री उचलली. कोटाच्या पाठीवर खमंग तपकिरी त्रिकोण उमटला होता.

"अजून काही राहिलंय बोलायचं?" ती म्हणाली. "असेल तर आत्ताच बोलून घे. कोट एकच होता."

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. न्यूट्रिनो नीट धरायला वेळ नव्हता, तेव्हा थोरलीने ठोकळमानाने धरले, टक्करही जाडीभरडीच घेतली, आणि तासभर तरी "हे असलं ओबडधोबड काम माझ्या हातून" असं पुटपुटत राहिली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पडद्यावर धुरळा उजळला: आधी निळसर, मग हळूहळू लाल. थोरलीने खालचा सोन्याचा आकडा वाचला.

"गेलं माझं सोनं," ती म्हणाली.

"कुठलं? कुणी नेलं?" सासूबाई आतून धावत आल्या.

शुक्रवारी सभागृह भरलं. थोरली उभी राहिली ती धाकटीचा स्वेटर घालून, बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपलेल्या.

"दारावरच्या पाटीचं नेमकं उत्तर आज माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात होतं, ते चूक होतं. न्यूट्रिनो मी वगळले होते. आमच्या धाकटीने मला ते तोंडावर सांगितलं. धुरळ्यातलं मला फारसं कळत नाही, तिला कळतं. तेव्हा पुढचं तीच सांगेल."

आणि ती सरळ खाली उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

हे काही ठरलेलं नव्हतं. धाकटी कशीबशी वर गेली, माईकपासून बरीच लांब उभी राहिली आणि पहिलं वाक्य स्वतःलाच ऐकवल्यासारखं बोलली.

"मोठ्याने," पहिल्या रांगेतून थोरली म्हणाली. "मागे आई बसल्यात."