पट्टीतली चिमूट

मी सेकोंदोची टोपी बोलतेय. करडी, लोकर दाबून केलेली. एकवीस वर्षं मी त्याच्या कपाळाच्या शिरेला टेकून होते.

सेकोंदो इटलीत, डोंगराखालच्या सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यात स्फोटक तेल लाकडाच्या भुग्यात मळायचा. ते तेल कातडीतून अंगात उतरतं आणि शिरा सैल सोडतं. पहिल्या दिवशी डोकं फुटायची वेळ येते. चार दिवसांत शिरांना सवय होते. रविवारच्या सुट्टीत ती सवय मोडते, अन् सोमवारी पुन्हा ठणका. म्हणून कामगार शनिवारी चिमूटभर तेलानं ओला भुगा टोपीच्या आतल्या पट्टीत दडवून घरी नेत. बायका घाबरतील म्हणून सांगत नसत.

शहरातले डॉक्टर हेच तेल थेंबाथेंबानं छातीच्या दुखण्यावर देतात म्हणे. असेल. पण सेकोंदोची शीर आपणहून सैल व्हायचंच विसरली होती. चिमूट सुकली की ती आवळायची, आणि त्याचा हात छातीकडे जायचा.

"सुट्टी मानवत नाही रे तुला!" त्याचा सोबती एवाझिओ हसायचा. "देवानं सातव्या दिवशी विश्रांती घेतली, कारण तो आपल्या खात्यात नव्हता!"

हसता हसता त्याचं बोट स्वतःच्या टोपीच्या पट्टीत जायचं. त्या वर्षी खात्यातले दोघे रविवारीच, छाती धरून, गेले होते.

ईस्टर आला. कारखाना मंगळवारपर्यंत बंद. शनिवारी सेकोंदो अंघोळीला गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं, ओनोरिनानं, मला उचललं. गरम पाणी, साबण, ब्रश. आतली पट्टी उसवून फेकली, नवी शिवली. टोपीचं ओरडणं कोण ऐकतं?

रविवारी सकाळी त्यानं पट्टीत बोट घातलं. थांबला.

"कशी झालीय?" तिनं विचारलं. "एकवीस वर्षांचा मळ होता, अहो! शी!"

तिचे हात साबणानं लाल झाले होते. त्यानं ते पाहिले.

"अगदी लग्नातल्यासारखी," तो म्हणाला आणि मला डोक्यावर चढवलं.

त्या दिवशी तो दोनदा जिन्यात बसला. सोमवारी सगळे नदीकाठी जेवायला गेले. ओनोरिना उकडलेली अंडी सोलत होती. माझ्याखाली शीर आवळत, आवळत गेली.

"अहो, मीठ द्या की इकडं."

मीठ कुणी दिलं नाही.

आता मी खुंटीवर आहे. ओनोरिना मला रोज पुसते आणि आल्यागेल्याला सांगते, "जाताना टोपी तरी स्वच्छ होती हो डोक्यावर." एवाझिओ ऐकतो, मान खाली घालतो.

तिला कुणी काही सांगू नका. पण तुमच्या टोपीत काय आहे, ते तुमच्या घरी आजच सांगा.