केनवडला राहिलेली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्याला चहाचा डाग पडलेली. मित्रांनो, सतरंजीला काय सांगण्यासारखं असणार, असं तुम्हाला वाटेल. पण जिच्यावर माणसं बसतात तिला माणसं कळतात, आणि मी तर भरपूर हिंडलेली आहे.

कारंज्याच्या बाजारातून मला मुकेश आणि धनराज यांनी आणलं. मुकेश तिथलाच शिंपी होता, धनराज एका शाळेत कारकून. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, नवरा-बायकोचं असतं तसंच. काही पुरुषांचं प्रेम पुरुषावर जडतं, काही बायकांचं बाईवर. यात अवघड काही नाही, पण मोठ्या माणसांना ते फार अवघड जातं. म्हणून अशी माणसं लपून राहतात. त्यांना कुठे तरी एकत्र बसता यावं, यासाठी माझी खरेदी झाली होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुकेश मला खांद्यावर टाकायचा आणि आम्ही एसटीने निघायचो. कधी शेलूबाजार, कधी वाशीम, कधी रिसोड. कुणाच्या बंद दुकानात, कुणाच्या मळ्यात मला अंथरलं की एकेक जण यायचा. नवा माणूस नेहमी माझ्या काठावर टेकायचा, चपला हाताशी ठेवून, वेळ आली तर पळता यावं म्हणून. मुकेश त्याला नाव-गाव विचारायचा नाही. चहा द्यायचा, दवाखान्याची आणि वकिलाची माहिती सांगायचा. तीन-चार बैठकांनंतर तोच माणूस माझ्या मधोमध मांडी घालून हसत असायचा. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे. असं प्रेम हा गुन्हा नाही, असं कोर्टाने सांगितलं, त्यानंतरच्या बैठकीत राजपाल नावाच्या एका बुजऱ्या माणसाने आनंदाच्या भरात माझ्यावर चहा सांडला. हा डाग त्याचाच.

"आपुन कोन हाओ, हे आपुनच सांगा लागते," मुकेश प्रत्येक बैठकीत म्हणायचा.

आणि चूक झाली ती त्याच्याच बाबतीत. धनराजचं घर केनवडचं. एकदा रिसोडहून परतताना दोघे तिथे थांबले. ओसरीवर धनराजचे काका गुलाबराव बसले होते.

"हे कोन होय?" त्यांनी विचारलं.

धनराज गडबडला. मुकेशच्या खांद्यावर मला पाहून म्हणाला, "बिछायतवाले होय, काका. सतरंज्या भाड्यानं देतात."

परतीच्या एसटीत दोघे पोट धरधरून हसले. मीही हसले. पुढे ही थाप सोयीचीच झाली. धनराजच्या बहिणीचं, अंजूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असो की घरची पूजा, सतरंजीवाल्याला निरोप जायचा. मुकेशला उजळ माथ्याने त्या घरात शिरता यायचं, धनराजच्या आईच्या, हौसाबाईंच्या हातची भाकर खाता यायची. दोघांनाही वाटलं, पुढे सांगू कधी तरी.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मुकेशचा फोन वाजला. मी त्याच्या शिलाई मशीनजवळ घडी होऊन पडले होते. गुलाबरावांचा आवाज मला ऐकू आला.

"आमचा धनराज गेला हो. शेलूबाजारजवळ ट्रकनं उडवलं. मान्सं बसाले येऊन राह्यले, सतरंजी घेऊन या."

मुकेशला धनराजच्या जाण्याची बातमी अशी कळली. त्याने मला खांद्यावर घेतलं आणि मशीन तशीच उघडी टाकून तो निघाला.

केनवडच्या अंगणात त्याने मला अंथरलं, चारही कोपरे नीट ताणून. मग तो चपलांच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिला. सतरंजीवाला सतरंजीवर कसा बसणार? मला झटकायचं निमित्त करून तो तेरा दिवस येत राहिला. माणसं माझ्यावर बसायची. पोराचं लग्न राहून गेलं म्हणून हळहळायची. त्याच्यामागे रडणारं कोणी नाही, असंही म्हणायची. मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

तेराव्या दिवशी पाहुणे गेले. मुकेश मला उचलायला वाकला आणि त्याला उठताच येईना. तो माझ्या मधोमध बसला आणि हमसून हमसून रडला. हौसाबाई घरातून आल्या. त्याच्यासमोर बसल्या.

"सतरंजीवाला इतका रडत नसते, बापा," त्या म्हणाल्या. "कोन होय तू माह्या धनराजचा?"

गावोगाव इतरांना धीर देणारा माझा मुकेश आता सांगेल, असं मला वाटलं. त्याचे ओठ हलले.

"सतरंजीवालाच होय, माय."

त्याने माझी घडी करायला घेतली. हौसाबाईंनी माझ्यावर हात ठेवला.

"राहू दे इथंच. न्याले तर येशीन ना कधी? मंग सांगजो."

मुकेश अजून आलेला नाही. बैठकाही बंदच असणार, कारण मी इथे आहे. दर रविवारी हौसाबाई मला उन्हात टाकतात, झटकतात आणि ओसरीवर अंथरतात. स्वतः काठावर बसतात आणि मधली जागा मोकळी ठेवतात. गुलाबराव विचारतात, कायले अंथरून ठेवता. त्या माझ्या मधल्या सुरकुत्या हाताने सारख्या करतात.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी चपलांजवळ उभं दिसलं, तर त्याला हाताला धरून आत आणा. तो कोण, हे विचारायला तेरा दिवस लावू नका. आणि कधी कारंज्याला गेलात, तर मुकेश शिंप्याचं दुकान शोधा. सतरंजी न्यायला ये, एवढंच त्याला सांगा. माय वाट पाहून राह्यली म्हणा.