ॲसिडच्या बाटलीतलं पाणी

सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीत पाणी होतं. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीत पाणी होतं आणि नायट्रिकच्या बाटलीतही पाणीच होतं. सगळं एकाच टाकीचं. अकरा वर्षं संघपाल ते दर महिन्याला बदलायचा, कारण पाण्याला शेवाळ धरतं आणि ॲसिडला शेवाळ धरलेलं एखाद्या साहेबानं पाहिलं तर पंचाईत.

वाशीम जिल्ह्यात किन्हीराजाच्या पलीकडे, फाट्यावरून आत गेलं की ही संस्थेची शाळा लागते. संघपाल तिथं प्रयोगशाळा परिचर. त्याचं काम कुलूप उघडणं, बाटल्या पुसणं आणि तपासणीच्या दिवशी विज्ञान जिवंत आहे असं दाखवणं. रसायनांसाठी येणारा पैसा कुठं जात होता ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. विज्ञानाचे जुने सर अकरा वर्षांपूर्वी रिटायर झाले, ती जागा भरलीच नाही. गणिताचे सर वर्गात पुस्तक वाचून दाखवायचे आणि पोरं जर्नल उतरवायची. "निरीक्षण : निळा लिटमस तांबडा झाला." तांबडा झालेला कोणीच पाहिला नव्हता.

तपासणीच्या आदल्या दिवशी संघपाल घरून लिंबू न्यायचा. निळ्या लिटमसच्या पट्ट्या लिंबाच्या रसात बुडवून तांबड्या करायचा, वाळवायचा आणि पोरांच्या बाहीत एकेक खोचून द्यायचा. साहेबांसमोर निळी पट्टी "ॲसिडात" बुडवायची, हात टेबलाखाली न्यायचा, बाहीतली तांबडी काढायची. साहेब मान डोलवायचे. उलटा प्रयोग असला की पानवाल्याकडचा चुना. म्हणजे बघा, त्या शाळेत खरं रसायनशास्त्र एकाच माणसाला येत होतं आणि तो ते खोटं करून दाखवायच्या पगारावर होता.

त्याला ते कोणी शिकवलं नव्हतं. जुने सर शिकवायचे तेव्हा तो दाराशी उभा राहायचा. उभ्या उभ्या त्यानं अणू शिकून घेतला. घरी निकिता, त्याची एकुलती एक पोर, सहावीत असताना त्यानं तिच्यासमोर ताट ठेवलं, मधोमध मूठभर हरभरे आणि भोवती तुरीचे दाणे मांडले. आधी दोन, मग आठ, मग एक, म्हणजे सोडियम. निकितानं विचारलं, हा एक दाणा असा एकटा काहून बसला. संघपाल म्हणाला, त्याले जायचंच हाय, त्याले घेनारा भेटला पायजे. दुसऱ्या ताटात त्यानं बाहेरच्या कड्यात सात दाण्यांचा क्लोरीन मांडला आणि तो एकटा दाणा उचलून तिकडं ठेवला. बायको सरिता चुलीपाशी होती. ती म्हणाली, तुमचं मीठ झालं असन तं ती तूर इकडं द्या, वरणाले पायजे.

पोर हुशार निघाली. नववीत तिला विसापर्यंतची मूलद्रव्यं इलेक्ट्रॉनांसकट पाठ होती. पण बाटल्यांचं गुपित तिला आठवीतच कळलं होतं. बापाला तिनं सरळ विचारलं, बाबा, त्या बाटल्यात काय असते. संघपाल हसला. सल्फ्युरिकची बाटली उचलून त्यानं सगळ्या वर्गासमोर एक घोट घेतला आणि मिशी पुसली. वर्ग खदाखदा हसला. दरवर्षी आठवीच्या पोरांना तो हा घोट घेऊन दाखवायचा. बाकी शाळेत त्याला कोणी विचारत नव्हतं. त्या एका घोटापुरता तो पोरांचा हिरो होता.

त्यातूनच एक रीत पडली. दहावीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला पोरं त्या बाटल्या उपड्या करायची. एकमेकांवर ॲसिड फेकायची. घे सल्फ्युरिक, घे नायट्रिक. शर्ट ओले, वेण्या ओल्या, शाळेला रामराम. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर अंगावर काटा येईल, पण तिथं ती रंगपंचमी होती. मास्तर लोक व्हरांड्यातून बघायचे आणि हसायचे. मागून फरशी संघपाल पुसायचा.

यंदा निकिता दहावीत होती. फेब्रुवारीत शाळेत एक लाकडी पेटी आली. कुठल्याशा कंपनीनं खेड्यातल्या शाळांना प्रयोगाचं सामान वाटलं होतं. पेटीत तपकिरी बाटल्या, हातमोजे, डोळ्यांवर लावायचे चष्मे. संघपालनं एका बाटलीचं बूच सैल केलं आणि काचेच्या कांडीनं एक थेंब कागदावर टेकवला. कागद काळा पडून भोक पडलं. तो त्या भोकाकडं किती वेळ बघत बसला कोण जाणे. वीस वर्षांच्या नोकरीत खरं संहत सल्फ्युरिक त्यानं पहिल्यांदा हाताळलं होतं.

हेडसरांनी सांगितलं, उद्या दुपारी कंपनीचे लोक आणि संस्थेचे अध्यक्ष येणार, फोटो निघणार. आपल्या जुन्या बाटल्यांवर चांगली मराठी नावं रंगवलेली आहेत, त्यात भरून फळीवर मांड. चष्मे आणि मोजे टेबलावर पेटीतच राहू दे, प्लास्टिक काढू नको, नवं दिसलं पाहिजे.

संघपालनं जुनं पाणी ओतलं, बाटल्या कोरड्या केल्या आणि श्वास रोखून ॲसिड भरलं. मग वहीचं पान फाडून लाल पेनानं चिठ्ठी लिहिली. 'खरे ॲसिड आहे. हात लावू नये.' ती फळीला डकवली.

हेडसर बघायला आले. चिठ्ठीपाशी थांबले.

"हे 'खरे' कशाला लिहिलंस?"

"पोराईले वाटन, पानी हाय."

"आणि पाहुण्यांनी विचारलं, आधी काय होतं, तर तू सांगणार का मी सांगू?"

संघपालनं लाल पेनाला टोपण लावलं.

"काढ ती."

त्यानं काढली. हेडसरांनी नाही, त्यानंच काढली, स्वतःच्या नखानं, डिंकाचा डागसुद्धा राहू दिला नाही. पोरांना मी सांगतो, असं हेडसर जाता जाता म्हणाले. असलं म्हणणं किती खरं असतं ते संघपालला वीस वर्षांत कळलं नव्हतं असं नाही.

आणि घरी? घरी त्यानं निकिताला सांगायला हवं होतं. रात्रीचं जेवण दोघं एकाच चटईवर जेवले. त्याच्या जिभेवर ते आलं होतं. पण त्याच्या मनात एक भलतंच गोड काहीतरी होतं. कागदात बांधून त्यानं मूठभर साखर आधीच प्रयोगशाळेच्या खणात ठेवली होती. रविवारी शाळा रिकामी असताना पोरीला न्यायचं, साखरेवर ॲसिड टाकायचं आणि पांढऱ्या साखरेतून काळा कोळसा फुगून वर येताना तिचं तोंड बघायचं. आधी सांगितलं तर मजा गेली. म्हणून तो बोलला नाही. उद्याचं प्रॅक्टिकल शेवटचं आहे हे त्याला ठाऊक होतं. पण प्रॅक्टिकलला चावी आपल्याच हातात असणार, असं तो धरून चालला होता.

सकाळी हेडसरांनी त्याच्याकडून चावी घेतली आणि त्याला शाली नि हार आणायला तालुक्याला, मालेगावला पिटाळलं. तो म्हणाला, सर, पोराईले सांगजा. हेडसर म्हणाले, तू निघ.

ऑफिसातल्या बाबूनं प्रयोगशाळा उघडली आणि तो बॅनर बांधायला गेला. पोरांनी जर्नलवर सह्या घेतल्या. मग कोणीतरी म्हणालं, चला. पहिली बाटली रिंकूनं उचलली. रिंकू ही किराणा दुकानवाल्या नथमलची पोर, पहिलीपासून निकिताच्या बाकावरची, दोघींचा डबा एक. ती ओरडली, घे वं निके, सल्फ्युरिक. निकितानं पळायचं नाटकसुद्धा केलं नाही. डोळे उघडे ठेवून, हसत, तोंड पुढं केलं. पाण्याला कोण भितं.

प्रयोगशाळेतला नळ कोरडा होता. अकरा वर्षं त्या खोलीत प्रत्येक बाटलीत पाणी होतं आणि त्या दिवशी एका पोरीचे डोळे धुवायला ओंजळभर नव्हतं. पोरांनी तिला मैदानापलीकडच्या हापशीवर उचलून नेलं. हेडसरांची गाडी पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेली होती, म्हणून निकिता सोयाबीनची पोती वाहणाऱ्या रिक्षातून वाशीमला गेली आणि तिथून अकोल्याला.

संघपाल दोन वाजता शाली घेऊन आला. गेटवरच त्याला कळलं. हार त्याच्या हातात तसेच होते. ते त्यानं दवाखान्यापर्यंत नेले. सरितानं ते त्याच्या हातातून काढून घेतले तेव्हा कुठं ते अजून हातातच आहेत हे त्याला समजलं.

डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. डावा डोळा गेलाच, उजव्यात उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. सरितानं पदर तोंडात कोंबला. संघपालनं विचारलं, पुस्तक वाचता येईल का. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

चौथ्या दिवशी दुपारी हेडसर सफरचंदं घेऊन आले. खाटेपाशी उभं राहून, पोरगी झोपली आहे असं समजून, सगळं बोलले. ॲसिड शाळेचं नव्हतंच. नथमलच्या दुकानात संडास धुवायचं ॲसिड विकतात, तेच त्या पोरीनं आणलं, आतून काही आकस असेल, पोरींच्या जातीत असतो. जबाब टाइप करून आणला होता. संघपालनं सही करायची तेवढी बाकी होती. नोकरी राहील, दवाखान्याचं संस्था बघेल, उगीच स्वतःला कशाला गुंतवतोस. कागद त्याच्या खिशात खोचून ते गेले.

निकिता झोपलेली नव्हती. पट्ट्यांखालून तिनं हात पुढं केला. संघपालनं तो धरला.

"बाबा, रिंकूनं घरून आनलं व्हतं काय?"

त्यानं दुसऱ्या हातानं खिशातला कागद चाचपला.

"म्या तिचं काय बिघडवलं व्हतं?" तिचा आवाज बारीक झाला. "मी चार दिस तेच आठवून राह्यली. काई सापडत नाई. तुमी सांगा."

तोंड बंद ठेवलं असतं तर नोकरी होती, दवाखाना होता, आणि पोरीच्या नजरेत, आता नजर कुठली, पण पोरीच्या मनात बाप बाप राहिला असता. मोजायला काही अवघड नव्हतं. सरिता खाटेच्या पलीकडून त्याच्याकडं बघत होती.

"तिनं नाई आनलं," संघपाल म्हणाला. "शायेचंच व्हतं. त्या बाटलीत म्याच भरलं."

"पानी असते तिथं."

"या बारीनं खरं व्हतं."

"मंग लिव्हलं काहून नाई?"

"लिव्हलं व्हतं."

"मंग?"

"काढलं."

"कोनं?"

"म्या."

वॉर्डात कोणाचं तरी लहान लेकरू रडत होतं. ते थांबल्यावर निकितानं तोंड बापाकडं वळवलं.

"मले तरी सांगाचं," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं तिला साखरेचं सांगितलं. कशी काळी होते, कशी फुगून वर येते, रविवारी दाखवायचं होतं. सांगता सांगता त्यालाच ते ऐकवेना, आणि अर्ध्यावर तो थांबला. निकितानं आपला हात काढून घेतला. झटकला नाही. हळूच काढला, परक्याच्या हातातून काढावा तसा, आणि पांघरुणाखाली नेला.

"रिंकूले मालूम हाय?"

"नाई."

"तिले आजच सांगा."

त्याच दिवशी गावाकडं येऊन तो पोलीस ठाण्यात गेला. टाइप केलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला, त्यावर सही करायला सांगणाऱ्याचं नाव सांगितलं आणि मग स्वतःचा जबाब दिला. पाणी, लिंबू, चुना, घोट, चिठ्ठी, सगळं. जमादार मध्येच पेन थांबवून म्हणाला, अरे बाबा, यात तूच अडकून राह्यला. संघपाल म्हणाला, लिवा.

पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे कोणाला न्यायाची आशा राहायला नको. संघपाल निलंबित झाला, त्याच्यावर गुन्हा लागला. हेडसर वैद्यकीय रजेवर गेले. अध्यक्षांनी दुःख व्यक्त केलं. प्रयोगशाळेला सील लागलं, म्हणजे फक्त कुलूप बदललं.

त्या दिवशी ठाण्यातून तो थेट नथमलच्या दारात गेला. दुकान चार दिवसांपासून बंद होतं. शटरवर कोणीतरी दगड मारले होते. नथमलनं दार अर्धंच उघडलं. संघपाल उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि तिथूनच सगळं सांगितलं. आतल्या खोलीच्या पडद्यामागं रिंकूचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

नथमलनं शिवी दिली असती तर संघपालला बरं वाटलं असतं. नथमल पायरीवर बसला.

"चार दिवस पोर एकच म्हणून राह्यली, पप्पा, मी पानीच टाकलं," तो म्हणाला. "मले वाटलं, खोटं बोलते. म्या मारलं तिले, संघपाल. रोज मारलं."

संघपाल त्याच्या खालच्या पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी नथमल रिंकूला घेऊन अकोल्याला आला. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर ॲसिडचे डाग होते, जखमा सुकत आल्या होत्या. संघपालला बघून तिनं सवयीनं काका म्हटलं आणि मान खाली घातली. सरितानं तिला आत नेलं. संघपाल वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसला.

आधी आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग रिंकूचं रडणं आलं, मग दोघींचं. मग बराच वेळ कुजबुज. थोड्या वेळानं निकिता म्हणाली की तिला बाथरूमला जायचं आहे. गेले चार दिवस तिला संघपालच न्यायचा. तो उठून दारापर्यंत गेला.

निकिता खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं तोंड दाराकडं वळवलं. तिला कळलं होतं कोण आलं ते. बापाची पावलं पोरीला कळतात.

"रिंके, तू चाल," ती म्हणाली.

रिंकूनं तिला खांद्याला धरून उठवलं. दोघी एकेक पाऊल टाकत दाराशी आल्या. संघपाल त्यांना वाट मिळावी म्हणून बाजूला सरला.