पोटाखालचे भोक

मित्रांनो, मी विमानाचे एक जुने इंजिन आहे. विमान लहान आहे, माणसाच्या दोन हातांत मावणारे. पण मला खेळणे म्हणू नका. ओसाकाच्या एका कारखान्यात माझा दट्ट्या एका कारागिराने हाताने घासून बसवला होता.

एकवीस वर्षे मी मोरिवाकींचे विमान नदीकाठच्या मैदानावरून उडवले. ते बांधले त्यांनी आणि रंगवले त्यांच्या बायकोने, फुसाएबाईंनी. विमानाच्या पोटाखाली बाईंनी पाच बगळे काढले. माझ्या इंधनात एरंडेल असते, ते पोटाखालच्या भोकातून बगळ्यांवर सांडे. दर रविवारी बाई ते फडक्याने पुसत, मगच जेवणाचा डबा उघडत.

गेल्या शरदात त्या वारल्या.

या उन्हाळ्यात विमान पुन्हा बाहेर निघाले आणि मी तापू लागले. दोन मिनिटांत आवाज चिरका होई आणि मी हवेतच बंद पडे. मोरिवाकींनी इंधनाची सुई ढिली करून मला जास्त इंधन पाजले. एरंडेल वाढवले. पंखा बदलला. तरी शरद लागेपर्यंत मी तापतच होते, आणि दोष माझ्यावर आला.

"म्हातारं झालंय ते," त्यांचे जुने सोबती कुवाहारा म्हणाले. "टाकून दे. बॅटरीची मोटर बसव."

"रविवारी तिला जाऊन वर्ष होतंय. त्या दिवशी हे विमान उडायलाच हवं."

"म्हणून तर सांगतोय. हे तुझ्यासारखंच झालंय, जरा चाललं की धापा टाकतं."

एकवीस वर्षांची चाकरी, आणि निकाल एका वाक्यात! माझी बाजू कुणी विचारली नाही.

मोटर बसवायला कुवाहारांनी नाकावरचे झाकण काढले, विमान उलटे केले आणि थांबले. भोकावर आभाळी रंगाची पट्टी नीट चिकटवलेली होती.

"हे कुणी बुजवलं?"

"मी. तेलाने बगळे खराब होतात."

"अरे शहाण्या, नाकातून आत शिरलेला वारा बाहेर कुठून पडणार? तुझ्या कानातून?"

मोरिवाकींनी बगळ्यांवरून बोट फिरवले. "पुसायला आता कोण आहे?" ते म्हणाले.

कुवाहारांनी पट्टीला हात लावला नाही. त्यांनी चाकू मोरिवाकींच्या हातात दिला. "बाईंनी भोक सोडूनच बगळे काढलेत," ते हळू म्हणाले. "तेल येणार हे त्यांना ठाऊक होतं."

रविवारी मी अकरा मिनिटे उडाले, एकदाही अडखळले नाही. उतरल्यावर पाचही बगळे तेलाने माखले होते. मोरिवाकी गुडघ्यांवर बसले आणि एकेक बगळा पुसू लागले. कुवाहारा डबा न उघडता थांबून राहिले.

माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. तो राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, यंत्र तापले तर त्याच्या वयाला नावे ठेवू नका. त्याची वाट तुम्हीच तर बुजवली नाही ना, ते आधी पाहा.